कढईतले दाखले आणि पोलरॉइडची पावती

ओळखपत्राच्या यंत्रणेला आतून अडवणाऱ्यांचा माग काढायचा तर आपल्याला सिलिकॉन व्हॅलीच्या आधी कलकत्ता गाठावे लागते. तिथे १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाचे किचकट काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव लागले ते साहेबांचे, एडवर्ड हेन्रींचे. हा रिवाज आपल्याला नवा नाही. १९०० मध्ये हेन्री दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाची घडी बसवायला गेले आणि ठशांची विद्याही तिकडे रुजली. पुढे तिथल्या ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर ठशांसह नोंदणीची सक्ती केली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात २,००० हून अधिक नोंदणी-दाखले लोखंडी कढईत टाकून, वर रॉकेल ओतून पेटवले गेले. गांधींबरोबर या लढ्यात तुरुंगात गेलेल्यांपैकी एक थंबी नायडू. हे नाव पुढे लागणार आहे.

त्याच दक्षिण आफ्रिकेत पुढे १९५२ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या गळ्यात छायाचित्र असलेले पासबुक बांधले. छायाचित्रे झटपट हवी होती, आणि ती सोय अमेरिकेच्या पोलरॉइडकडे होती. ऑक्टोबर १९७० मध्ये कंपनीच्या केंब्रिजच्या कचेरीत छायाचित्रकार केन विल्यम्स आणि रसायनतज्ज्ञ कॅरोलिन हंटर यांना एक नमुना ओळखपत्र दिसले. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचे नाव होते. पोलरॉइड कृष्णवर्णीयांना ६० सेकंदांत कैद करते, अशा आशयाची पत्रके लवकरच कंपनीत झळकली. कंपनीने सरकारला माल न विकण्याचे जाहीर केले, वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती दिल्या, पण वितरकामार्फत धंदा चालू ठेवला. हंटर यांची नोकरी मात्र गेली.

त्या वितरकाकडे नोकरीला होते इंद्रेस नायडू: थंबींचे नातू, रॉबेन बेटावर १० वर्षे काढलेले. सरकारी कचेरीकडे गुपचूप माल जात असल्याच्या पावतीची प्रत त्यांनी बाहेर पोचवली. नोव्हेंबर १९७७ मध्ये ती अमेरिकेत छापून आली आणि पोलरॉइडने दक्षिण आफ्रिकेतून गाशा गुंडाळला. पत्रकांनी कंपनीला लाजवले खरे, पण माझ्या मते तिला हलवले ते या कागदाने. पासचा कायदा जायला १९८६ उजाडले.

आतून बाहेर आलेल्या कागदाची हीच ताकद पुढे सिलिकॉन व्हॅलीतही दिसली. गूगल चीनसाठी सरकारी कात्री लावलेले शोधयंत्र बनवत होती, ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाने. ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे १,४०० कर्मचाऱ्यांनी जाब विचारणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. त्यांच्यातल्या बहुतेकांना या कामाचा पत्ता लागला होता तो फुटलेल्या अंतर्गत कागदांवरच्या बातमीतून.