बडोद्याच्या ग्रंथमाला आणि त्यांचा वाचक

जपानी चित्रकथांचे इंग्रजी अनुवाद आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती दिसतात. कुमारांसाठी ‘शोनेन’, मुलींसाठी ‘शोजो’, प्रौढांसाठी ‘सेइनेन’ अशा त्यांच्या शाखा आहेत. मूळ प्रकाशकाकडून हक्क घेऊन त्या परभाषांत उतरविल्या जातात. या आवकेने कित्येक शिक्षक चिंतित होतात. परंतु परक्या ग्रंथांतून निवड करून ते नाना प्रकारच्या वाचकांसाठी स्वभाषेत आणण्याचा एक मोठा प्रयोग मराठीने बडोद्यास पूर्वीच पाहिला आहे. त्याचे फलित तपासणे आम्हांस उद्बोधक वाटते.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांचे वाचक म्हणून बडोद्याच्या सेवेत आले. मॅकिआव्हेलीच्या राजनीतिग्रंथाचे त्यांनी केलेले भाषांतर ‘राजधर्म’ या नावाने १८९० साली, तर सीलीच्या ग्रंथाचे भाषांतर ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ या नावाने १८९३ साली प्रसिद्ध झाले. पुढे राजपुत्रांना शिकविताना काढलेल्या टिपणांतून त्यांची ‘मुसलमानी रियासत’ १८९८ साली सिद्ध झाली. परकीयांचे इतिहास मराठीत उतरविणारी लेखणी अशा रीतीने स्वदेशाच्या इतिहासाकडे वळली.

राजाश्रयाचा हा ओघ एका लेखकापुरता नव्हता. ‘राष्ट्रकथामाले’ने निरनिराळ्या राष्ट्रांचे इतिहास मराठी वाचकांपुढे ठेवले. १९१२ साली महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला व त्याच्या व्याजातून लोकभाषांत ग्रंथनिर्मिती करण्याची व्यवस्था केली. तीतून प्रौढांसाठी ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ आणि लहानांसाठी ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ चालू झाल्या. इतिहास, चरित्र, विज्ञान, धर्म, नीती असे बहुविध विषय मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत आले.

ग्रंथ छापला म्हणजे तो वाचला जातोच असे नव्हे, हेही बडोद्याने ओळखले होते. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात झाला व १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू झाला. नवसाक्षराच्या हाती पुस्तक पडावे म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांस पाचारण करण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांचा स्वतंत्र विभाग, खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, अशी योजना त्यांच्या काळात आकारास आली.

तथापि कोणत्या ग्रंथातून काय घ्यावे, हे अखेर वाचकच ठरवितो. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी गौतम बुद्धाचे मराठी चरित्र लिहिले. ते १८९८ साली प्रसिद्ध झाले. त्याची एक प्रत केळुसकरांनी मुंबईतील एका शाळकरी मुलास, त्याच्या परीक्षेतील यशाबद्दल भरलेल्या सभेत, भेट दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या वाचनाने आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असे डॉ. आंबेडकरांनी आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि त्याच बडोद्यात १९१७ साली, अधिकारी म्हणून आले असता, जातीमुळे त्यांस राहण्यास घर मिळाले नाही. ज्या नगराच्या नावाने ग्रंथ निघाला, त्या नगराने तो पचविला नव्हता. मुंबईच्या चाळीतील एका मुलाने पचविला होता. १९५६ सालच्या नागपूरच्या धर्मांतरापर्यंत जाणाऱ्या वाटेवर ही एक प्रत उभी आहे.

या इतिहासावरून आम्हांस असे वाटते की, परके वाङ्मय येऊ द्यावे की नाही, हा शिक्षकापुढील खरा प्रश्न नव्हे. ते मराठीत यावे, विविध रुचींसाठी यावे आणि ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याच्या दारापर्यंत पोचावे, ही चिंता अधिक मोलाची आहे. तेवढे केल्यावर कोणते पान कोणाच्या आयुष्यात रुजेल, हे ग्रंथमालेच्या संपादकासही आधी सांगता यावयाचे नाही.