गृहीत आणि गृहीतक : सिकंदराबादचा एक धडा

संशोधनपर लेखनाच्या चर्चेत ‘गृहीत’ आणि ‘गृहीतक’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. जे न तपासता मान्य करून आपण पुढे जातो ते गृहीत. जे तपासण्यासाठीच मांडतो ते गृहीतक. या भेदाकडे दुर्लक्ष झाले की काय किंमत मोजावी लागते, हे सिकंदराबादेस बेगमपेठेच्या लष्करी इस्पितळात घडलेल्या संशोधनावरून चांगले समजते.

हिवतापाचे परजीवी रुग्णाच्या रक्तात असतात, हे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांना १८८० साली अल्जीरियात आढळले. ते एका माणसातून दुसऱ्यात कसे जातात, हा प्रश्न मात्र उरला. दूषित हवेने ताप येतो ही समजूत फार जुनी होती. पण ती कोणत्याही गावाच्या कोणत्याही तापाला लागू पडे, म्हणूनच ती खोटी ठरण्याची सोय नव्हती. १८९४ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी लंडनमध्ये निराळा विचार मांडला : डास रुग्णाचे रक्त शोषतो, परजीवी त्याच्या शरीरात वाढतो, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्यास हिवताप होतो.

यातील उत्तरार्ध चुकीचा होता. तरीही आम्ही यास चांगले गृहीतक म्हणतो, कारण त्याच्या प्रत्येक पायरीची परीक्षा घेता येत होती. अल्मोड्यास जन्मलेले लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी १८९५ पासून ती घेतली. मेलेल्या डासांचे पाणी त्यांनी माणसांना पाजून पाहिले. त्यातून हिवताप झाल्याचे सिद्ध होईना, आणि उत्तरार्ध डळमळला.

पूर्वार्धाचे काय? रॉस करडे आणि पट्टेरी डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत राहिले. परजीवीची वाढ काही दिसेना. गृहीतकाच्या पोटात एक गृहीत दडले होते. ‘डास’ या शब्दाची फोड कोणीच केली नव्हती. एका जातीचा डास नापास झाला म्हणजे सारे डास निर्दोष ठरत नाहीत. पण शब्द मोघम असल्यामुळे अपयशाचा अर्थच लावता येत नव्हता. या मोघमपणात दोन वर्षे गेली.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे निराळे डास त्यांच्या हाती आले. हुसेन खान नावाच्या रुग्णाचे रक्त त्यांना शोषू देण्यात आले आणि २० ऑगस्ट रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत, परजीवीची खूण असलेल्या काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. ते डास ॲनोफिलीस वर्गातील होते. पुढे १८९८ साली कलकत्त्यास रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. तेथे परजीवी करड्या डासांच्या लाळग्रंथींत सापडले. आणि अशा डासांच्या दंशाने निरोगी पक्षी आजारी पडले. पाण्याची वाट बाद झाली, दंशाची सिद्ध झाली. माणसांच्या बाबतीतला पुरावा त्याच वर्षी इटलीत ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इतिहासाच्या अभ्यासकांनाही हा धडा तितकाच उपयोगी आहे. ‘दुष्काळामुळे आमच्या भागात मराठी कुटुंबे आली’ हे विधान आपण सहज लिहून जातो. कोणता दुष्काळ? कोणती कुटुंबे? त्याऐवजी असे लिहावे : ‘या गावातील शेतकरी मराठी कुटुंबे १८७६-७८ च्या दुष्काळात प्रथम आली.’ तसे असेल तर महसुली कागदांत त्यांची नावे त्यापूर्वी आढळू नयेत. ती १८६० च्या कागदांत सापडली, तर विधान मागे घ्यावे लागेल. कोणता कागद मिळाला असता आपण माघार घेऊ, हे आधीच लिहून ठेवणे हीच गृहीतकाची खरी कसोटी होय.

मोघम शब्दांची किंमत नेहमी लेखकच मोजतो असे नाही. बेगमपेठेत ती हिवतापाने आजारी असलेल्या आणि डासांचे पाणी प्यालेल्या गरीब माणसांनी मोजली. इतिहासात, ज्यांच्या पूर्वजांविषयी आपण लिहितो, ती कुटुंबे मोजतात. पहिले वाक्य लिहितानाच त्यातील प्रत्येक नामाला ‘कोणते?’ असे विचारण्याचे कष्ट त्यामानाने थोडेच आहेत.