सावलीतले पांढरे ठिपके

मंडळी, छातीत गाठ लागली तरी आपल्याकडची बाई डॉक्टरकडे बहुधा उशिराच जाते. 'दुखत तर नाही ना, मग कशाला कुणाला सांगायचं?' असं ती स्वतःलाच समजावते. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. मग हाताला लागण्याआधीच ही गाठ डोळ्यांना दिसली तर? या प्रश्नामागे माणसं शंभराहून अधिक वर्षं लागली आहेत. आज आपण ज्या तपासणीला मॅमोग्राफी म्हणतो, तिची ही गोष्ट.

नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्ग शहरात राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. पत्नीच्या हाताचा, बोटातल्या अंगठीसकट फोटो त्यांनी काढला आणि जगभर खळबळ उडाली. हाडं दिसू लागली, शरीरात रुतलेल्या गोळ्या दिसू लागल्या. पण स्तन म्हणजे सगळा मऊ भाग. चरबीतून किरण सहज आरपार जातात, गाठीतून थोडे कमी जातात. हा फरक इतका नाजूक, की फोटोत तो दिसेल यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

हा फरक धीराने शोधला तो बर्लिनमधले शल्यविशारद डॉ. आल्बर्ट सालोमोन यांनी. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या सुमारे ३००० स्तनांचे त्यांनी क्ष-किरण फोटो काढले, आणि त्याच भागांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून दोन्ही ताडून पाहिलं. कर्करोगाची गाठ कशी पसरते, काखेतल्या गाठींकडे कशी सरकते, हे त्यांनी १९१३ साली मांडलं. काही फोटोंत त्यांना रवाळ ठिपकेही दिसले होते. ते कॅल्शियमचे कण होते. त्या ठिपक्यांचं मोल मात्र जगाला फार नंतर कळलं.

सालोमोन ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांचं विद्यापीठातलं काम सुटलं. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांना साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत टाकलं. त्यांची दुसरी पत्नी, गायिका पाउला लिंडबर्ग, यांच्या धडपडीने ते सुटले आणि १९३९ मध्ये दोघं हॉलंडला पळाली. लपूनछपून दोघांनी युद्ध काढलं. पण दक्षिण फ्रान्समध्ये आजी-आजोबांकडे पाठवलेली मुलगी शार्लोट वाचली नाही. १९४३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, आउशवित्झला तिची हत्या झाली. मागे तिने रंगवलेली शेकडो चित्रं राहिली. युद्धानंतर ती आई-वडिलांच्या हाती आली आणि आज ती अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत. मृत शरीरभागांच्या सावल्या वाचून जिवंत स्त्रियांना वाचवण्याची वाट ज्याने दाखवली, त्या बापाच्या वाट्याला हे आलं.

वाट थांबली नाही. १९३० मध्ये अमेरिकेत रोचेस्टरच्या डॉ. स्टॅफर्ड वॉरन यांनी जिवंत स्त्रियांच्या तपासणीत हे तंत्र वापरलं. १९५० च्या सुमारास उरुग्वेचे डॉ. राउल लेबोर्न यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, ते मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके एका जागी गोळा झालेले दिसले, तर सावध व्हायचं. दुसरी, फोटो काढताना स्तन दाबून धरायचा.

मी क्ष-किरण विभागात काम करत असताना यंत्रासमोर उभी राहिलेली जवळजवळ प्रत्येक बाई मला विचारायची, ''अहो ताई, एवढं दाबायलाच पाहिजे का?'' मी सांगायची, ''काकू, दोन क्षण सोसा. दाबलं की थर पातळ होतो, एकावर एक आलेल्या सावल्या सुट्या होतात, फोटो हलत नाही आणि किरणही कमी लागतात.'' तेवढं सांगितलं, की बाई दम धरून उभी राहायची.

१९६० मध्ये ह्यूस्टनच्या डॉ. रॉबर्ट इगन यांनी कारखान्यात वापरली जाणारी बारकावे टिपणारी फिल्म घेऊन, कुठल्याही रुग्णालयाला जमेल अशी पद्धत बसवून दिली. त्याच दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या डॉ. शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून मॉलिब्डेनम धातू वापरून सौम्य किरण देणारं, खास स्तनासाठीचं यंत्र आलं.

पण खरा प्रश्न पुढेच होता. गाठ लवकर दिसली म्हणून बाई जास्त जगते का? कर्जतला गाडीत बसलेल्या माणसाचा प्रवास कल्याणला बसलेल्यापेक्षा लांबतो, म्हणून गाडी मुंबईला उशिरा पोचते असं नाही. तसंच रोग आधी कळला, की रोगी म्हणून काढलेली वर्षं वाढतात. आयुष्य वाढलंच असं नव्हे. खरं-खोटं करायचं तर मोठा प्रयोग हवा. तो न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झाला. त्यात पुढाकार घेणाऱ्या डॉ. फिलिप स्ट्रॅक्स यांची पत्नी याच रोगाने १९४७ मध्ये गेली होती. सोबत होते संख्याशास्त्रज्ञ सॅम शपिरो आणि शल्यविशारद लुई व्हेनेट. ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. तपासणीच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले.

म्हणजे प्रश्न मिटला? नाही. कॅनडात १९८० पासून सुमारे ९०,००० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा पंचवीस वर्षांचा निकाल २०१४ मध्ये आला. त्यात मॅमोग्राफीने मृत्यू घटलेले दिसले नाहीत. उलट, कधीच त्रास दिला नसता अशा काही गाठी शोधून त्यांच्यावर उपचार झाले, असं आढळलं. तज्ज्ञांत यावर आजही वाद आहेत.

आपल्याकडची अडचण वेगळी. इथे हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा सरासरी कमी वयात दिसतो. तरुण वयात स्तन घट्ट असतो, तो फोटोतही पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी. कापसात कापूस शोधायचा! शिवाय गावोगाव यंत्रं कुठून आणणार? म्हणून परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत निराळा प्रयोग मांडला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने तपासणी केली. यंत्र नाही, फोटो नाही. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये जाहीर केला. गाठी आधीच्या टप्प्यावर सापडल्या. सगळ्या वयांत मिळून मृत्यूंतली घट १५ टक्के होती, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठाम म्हणता येत नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. हाताला न लागणारे ते पांढरे ठिपके आजही फोटोच दाखवतो. मात्र फोटो फक्त संशय दाखवतो. निदान होतं ते सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतून. तेव्हा फोटोत काही दिसलं म्हणून हाय खाऊ नका, आणि फोटो स्वच्छ आला म्हणून हाताला लागलेली गाठ विसरू नका. माझ्या श्रोत्या-भगिनींना एवढंच सांगते: गाठ दुखत नसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्या पुरुषांनो, ती सांगायला लाजत असेल, तर तुम्ही विचारा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)