होडीचा शेवटचा हात

पोस्ट थोडी लांब झालीय. वेळ असेल तेव्हा वाचा.

गेल्या आठवड्यात एका बातमीसाठी खाडीपलीकडे गेलो होतो. बातमी राहिली बाजूला, एका घराच्या अंगणातच अडकलो. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा स्वतः बांधलेल्या होडीवर शेवटचा हात मारत होते. रंगाचा नव्हे, तेलाचा. काजूच्या टरफलाचं काळं तेल आणि काठीच्या टोकाला बांधलेला चिंध्यांचा बोळा. काठी कशाला, तर हे तेल कातडीला लागलं की बिब्ब्यासारखं उततं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, हे तेव्हा डोक्यात आलं. मी विचारलं, सरळ ऑइलपेंट का नाही मारत? म्हणाले, "लाकडाक आधी तेल पाजूक व्हया. पोट भरला काय मगे ता पाणी पिना नाय."

घरी येताना डोक्यात 'कौंडिण्य' होतं. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेलं जहाज. डिसेंबरात ते पोरबंदरहून मस्कतला निघालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो शेअर केले. मीही केले. ते कशावरून बांधलं माहितीय? आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. नकाशा नाही, मापं नाहीत, फक्त एक चित्र. आकाराचा अंदाज चित्रावरून बांधता आला, पाण्यात ते कसं वागेल याचा अभ्यास आयआयटी मद्रासने केला. पण फळ्या शिवायच्या कशा, सांधे बुजवायचे कशाने, वरून काय चोपडायचं? भिंतीवरचं चित्र हे सांगत नाही. त्यासाठी केरळचे कारागीर आणावे लागले, बाबू शंकरन यांच्या हाताखाली गोव्यात काम झालं. ते हात शिल्लक होते म्हणून जहाज झालं.

आता जरा मागे जाऊ.

तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात अशी शिवलेली जहाजं पाहिली. त्याला ती अजिबात आवडली नाहीत. त्याने लिहून ठेवलंय की यांना डांबर लावत नाहीत, माशाचं तेल चोपडतात. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात इब्न जुबैरने तांबड्या समुद्रातल्या होड्यांबद्दल लिहिताना तूप, एरंडेल आणि मुशीचं तेल अशी तीन नावं दिली आणि त्यात मुशीचं तेल सगळ्यात चांगलं, असंही सांगितलं. कारण? त्या समुद्रात खडक फार. तेल प्यायलेलं लाकूड मऊ राहतं, आपटलं तरी पटकन फुटत नाही. म्हणजे शेवटचा हात हा शोभेचा प्रकार कधीच नव्हता.

पाण्याखालच्या भागाचं दुखणं वेगळं. तिथे शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा जहाजकिडा. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. अरबी समुद्रात त्याच्यावर चालणारा इलाज म्हणजे चुना आणि तेल किंवा चरबी यांचा जाड लेप. इंग्रजांनी १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यांच्या आरमारात तीच पद्धत रूढ झाली. आपल्याकडे लहान होडीवाल्याला तांबं कुठलं परवडायला? तो चुनाच मळत बसला.

आणि कोकणातलं ते काजूचं तेल? काजूचं झाडच मुळी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं. म्हणजे आपण ज्याला 'पूर्वापार' म्हणतो ते चारेकशे वर्षांच्या आतबाहेरचं. त्याआधी उंडीचं, मुशीचं तेल होतंच. नवीन बी आलं, त्याच्या टरफलाने हात भाजले, आणि कुणीतरी हुशार माणसाने ते होडीला लावून पाहिलं. त्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही. फळ्यांच्या सांध्यांत तेलातला कापूस ठासून भरणाऱ्या कामगाराला गोदीत 'कालापट्टी' म्हणत. शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्याही आधी अरबांचा. शब्द कुठून आला ते सापडतं, माणसं सापडत नाहीत.

मोठ्यांची नावं मात्र आहेत. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आलेले लवजी नसरवानजी वाडिया, त्यांची पुढची पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी. जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली, ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. तिचे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' १८१२ मध्ये अमेरिकनांनी लढाईत नष्ट केलं, म्हणून ते परत पाठवावे लागले. नकाशा हरवला तर दुसरा पाठवता येतो, हे लक्षात ठेवा. महाराजांनी कल्याण-भिवंडीत जहाजं बांधायला घेतली, आमच्या देवगड तालुक्यात गिर्ये गावाजवळ मराठी आरमाराची खडकात कोरलेली गोदी आजही बघायला मिळते. तिथे उभं राहिलं की तोफा आणि डोलकाठ्या डोळ्यापुढे येतात. चुना मळणारा माणूस येत नाही. माझ्याही डोळ्यापुढे कधी आला नव्हता, खोटं कशाला सांगू.

फायबरला शिव्या घालायला ही पोस्ट नाही. फायबरची बोट हलकी, तिला दरवर्षी तेल पाजावं लागत नाही, किडा लागत नाही. ज्याला रोज समुद्रात जायचंय त्याने ती घेतली यात चुकलं काय? लाकडाचे भाव बघा एकदा. शहरातून येऊन लाकडी होडीबरोबर सेल्फी काढणाऱ्यांनी कोळ्याला परंपरा शिकवू नये.

माझं म्हणणं सरकारबद्दल आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात नाव बांधणारा आहे. चांगली गोष्ट. अवजारांसाठी १५ हजार, स्वस्त कर्ज, प्रशिक्षण. पण या आजोबांना अवजारं नकोयत. वाकस, रंदा, पटाशी, सगळं बापाच्या वेळचं धार लावलेलं आहे. त्यांना प्रशिक्षणही नको, ते दुसऱ्याला देऊ शकतील. त्यांच्यापुढे बसवून शिकणाऱ्या पोराला वर्षभर पगार द्यायचा झाला तर तो कुठून द्यायचा? जहाज एकदा बांधायला पैसा निघतो, हात टिकवायला निघत नाही.

मी त्यांना विचारलं, कुणाला शिकवलंत का? हसले. "ह्या काय शिकवूचा रे? बघीत ऱ्हवला काय येता." बघत राहायला अंगणात होतं कोण? मी आणि एक कुत्रा. मुलगा पुण्यात, नातू इंजिनीअरिंगला.

तेलाचे किती हात, दोन हातांमध्ये किती दिवस, ऊन कुठल्या वेळचं, चुन्यात तेल किती घातल्यावर गोळा हाताला चिकटायचा थांबतो, हे सगळं विचारून मी वहीत लिहून घेतलं. अर्धं मोबाइलवर रेकॉर्ड झालं, अर्ध्यात कोंबडा आरवतोय. पुढच्या रविवारी परत जाणार आहे, तेव्हा दुसरा हात सुकलेला असेल.

तुमच्या खाडीवर, बंदरावर असं कुणी असेल तर खाली फक्त गावाचं नाव लिहा आणि ते होडीला काय लावतात तेवढं सांगा. वही मोठी आहे.