बोर्डिंगपासून संगणकापर्यंत : महाविद्यालय निवडीचा बदलता इतिहास

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त समाजाच्या शैक्षणिक वाटचालीचा मागोवा घेताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. आपल्या पूर्वजांपुढे 'कोणते महाविद्यालय निवडावे' हा प्रश्नच नव्हता. 'शिकावे कोठे आणि राहावे कोठे' हा प्रश्न होता.

१८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था उभी राहिली. पुढील कित्येक दशके खेड्यातील मुलाला ही दारे दूरच होती. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने आणि शेठ माणिकचंद हिराचंद यांच्यासारख्या दानशूरांनी बोर्डिंगे उभारली, ती हे अंतर कमी करण्यासाठीच. राहण्या-जेवण्याची सोय झाली की बुद्धी आपली वाट शोधते, हा त्यांचा विश्वास होता.

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान व मोटार या उद्योगांत देशाला स्वावलंबनाची वाट दाखविली. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. तरीही जागा मोजक्याच होत्या. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदान तत्त्वावर महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. त्याच वर्षी सोलापुरात ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने वालचंद तंत्रशास्त्र संस्था सुरू केली. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला.

अशा रीतीने पूर्वीची टंचाई जागांची होती. आजची टंचाई विवेकाची आहे. सॉफ्टवेअरचे शिक्षण घेऊ इच्छिणारा विद्यार्थी जाहिरातीतील सर्वोच्च पगाराचा आकडा पाहतो. परंतु तो आकडा एखाद्याच विद्यार्थ्याचा असू शकतो. वर्गातील मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला काय मिळाले, हे विचारावयास हवे. नॅकचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, तर एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते. म्हणून आपल्या शाखेला ती आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावे. एकाच विद्यापीठाशी संलग्न, पण स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम एकच असल्याने तेथील खरा फरक अध्यापक व प्रयोगशाळा यांचाच असतो. शाखेचे नाव संगणक असो वा माहिती तंत्रज्ञान, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हा पाया बहुतांशी समानच असतो. तेव्हा केवळ आकर्षक नावासाठी जादा शुल्क भरून कुटुंबाने कर्जात पडणे शहाणपणाचे नव्हे. अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश सुलभ होतो, हेही निवडीचे एकमेव कारण होऊ नये.

कोणत्याही वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे, अशी शिकवण अनेकांताने आपणांस दिली आहे. ती मंदिरापुरतीच मर्यादित राहू नये. शिष्यवृत्तीचा धनादेश देऊन संस्थेचे कर्तव्य संपत नाही. प्रवेशाच्या हंगामात समाजातील अनुभवी अभियंत्यांनी विद्यार्थी व पालकांसमवेत बसून एकेका महाविद्यालयाची माहिती तपासावी. पूर्वजांनी बोर्डिंगच्या रूपाने निवारा दिला. आपण मार्गदर्शनाच्या रूपाने दृष्टी द्यावी. सुवर्णमहोत्सवी वर्षाचा याहून उचित संकल्प कोणता असू शकेल?

जय जिनेंद्र!