वनौषधींची सुरक्षितता-तपासणी : भारतातील कायदा आणि प्रयोगशाळा (१९३०–२००८)

वैद्य स्वतः वनस्पती ओळखून औषध बनवत असे, तेव्हा औषधाची खात्री ही मुख्यतः वैद्यावरच्या विश्वासाची बाब होती. रसशास्त्रात मात्र भस्माच्या स्पष्ट कसोट्या होत्या. भस्म पाण्यावर तरंगले तर ते ‘वारितर’ आणि चिमटीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत शिरले तर ‘रेखापूर्ण’. भस्म नीट तयार झाले आहे का, एवढे या कसोट्या सांगत. कारखान्यात पोत्यांनी येणाऱ्या मुळ्यांत शिसे किती आहे, हा प्रश्न औषध बाजारातला माल झाल्यावर पुढे आला.

औषधांतील भेसळीच्या तक्रारींमुळे १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. त्यानंतर १९४० चा औषध कायदा आला. पण केवळ आयुर्वेदिक व युनानी पद्धतीने वापरली जाणारी औषधे त्याच्या व्याख्येबाहेर ठेवली गेली. १९६४ च्या दुरुस्तीने ती कायद्याच्या कक्षेत आली. १९७० मध्ये गाझियाबाद येथे भारतीय औषधपद्धतींसाठी केंद्रीय प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढे आयुर्वेदिक औषधकोशाचा पहिला खंड निघाला. त्यात ८० द्रव्यांची मानके आहेत.

या मानकांचा भर कशावर होता, हे लक्षात घ्यावे. वनस्पती तीच आहे का, तिच्यात परका कचरा किती, जाळल्यावर राख किती उरते, या बाबी तपासल्या जात. आम्लात न विरघळणारी राख जास्त असेल, तर चूर्णात माती-वाळू आहे असा अंदाज बांधता येतो. पण राखेच्या वजनावरून शिसे, पारा किंवा आर्सेनिक वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी प्रत्येक धातू स्वतंत्रपणे मोजणारी उपकरणे लागतात.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो परदेशातून. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्यानंतर भारत सरकारने निव्वळ वनस्पतीजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची केली. शिशासाठी १०, पाऱ्यासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ भाग प्रति दशलक्ष अशा मर्यादा होत्या; आर्सेनिकसाठीही मर्यादा होती.

या आदेशाच्या दोन मर्यादा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे तो निर्यातीपुरता होता. देशातल्या रुग्णाच्या हातातली बाटली त्यात येत नव्हती. दुसरी म्हणजे ज्यांत धातू हेतुपुरस्सर घातलेले असतात ती रसौषधी त्यात नव्हती. २००८ च्या पुढील पाहणीत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांपैकी २०.७ टक्क्यांत हे धातू सापडले. रसौषधींत हे प्रमाण ४०.६ टक्के, तर इतरांत १७.१ टक्के होते. अमेरिकेत बनलेली उत्पादने (२१.७ टक्के) भारतात बनलेल्यांपेक्षा (१९.५ टक्के) स्वच्छ नव्हती. म्हणजे दोष एकाच देशाच्या माथी मारता येत नाही.

थोडक्यात, औषध ‘शुद्ध’ आहे का, या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत : वनस्पती खरी आहे का, तिच्यात नको ते मिसळले आहे का, आणि मुद्दाम घातलेला धातू निर्धोक आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर औषधकोशाने दिले, दुसऱ्याकडे निर्यातीच्या दबावाने लक्ष वेधले. तिसऱ्याचे उत्तर मात्र केवळ धातूचे एकूण प्रमाण मोजून मिळत नाही, आणि त्यासाठी रुग्णावर होणारा परिणामच तपासावा लागतो.