फेरफार जमिनीचा आणि गाडीचा : धाराशिवकडच्या जुन्या मोठ्या गाड्यांची गोष्ट

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात सेकंडहँड फॉर्च्युनरचं काय काम? प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात आपण परंड्यापासून करू.

मुलूखमैदान तोफ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १५४९ च्या सुमारास ती अहमदनगरला ओतली गेली. पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं. त्यानंतर त्याने काय केलं? ओतणाऱ्याचा आणि निजामशहाचा लेख तोफेवर आधीपासून होताच. त्याच तोफेवर त्याने आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला. मोठी वस्तू हाती आली, तर तिच्यावर आपलं नाव चढलं पाहिजे, हे त्याला कळत होतं. आपल्या जिल्ह्यात जमिनीच्या बाबतीत हे प्रत्येकाला कळतं. गाडीच्या बाबतीत मात्र कळत नाही. असं का झालं, हाच आजचा विषय.

आधी रस्त्यांचं बघू. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या रेल्वेखात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. आपल्याकडे बार्शी लाइटची छोटी गाडी होती, पण ती येडशीवरून लातूरला जायची. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे आली ती या शतकात, मार्ग ब्रॉडगेज होताना. म्हणजे इथल्या माणसाला तुळजापूर, सोलापूर, उमरगा, कुठेही जायचं तर रस्ता आणि रस्त्यावर चालेल अशी दणकट गाडी, याला पर्याय नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने आत आलं. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला गेला. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. ही हकीकत आपण नेहमी ऐकतो. आम्हाला इथे एवढंच सांगायचं आहे, की मुक्तीची बातमी ज्या रस्त्याने आली, त्याच रस्त्याने मोटारींचं नवं जगही आलं.

जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी गाडी. विलीज कंपनीच्या जीपची जोडणी महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. पण नवी जीप कोणाला मिळणार? सरकारी खात्यांना आणि बड्या लोकांना. बाकीच्यांसाठी शब्द होता ‘डिस्पोजल’. युद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल विक्रीला निघाला, त्यात गाड्याही होत्या. पुढे सरकारी कचेऱ्यांच्या निर्लेखित जीपचे लिलाव होऊ लागले. हुद्देदाराची गाडी लिलावात निघायची, कोणीतरी घ्यायचा, मिस्त्री इंजिन उतरवून परत बसवायचा, आणि तीच गाडी आणखी दहा वर्षं पळायची.

हे लक्षात ठेवा मंडळी. आपल्याकडे रुबाबाची गाडी पहिल्यापासून सेकंडहँडच आली. आधी ती कोणाच्या तरी सत्तेची गाडी होती, नंतर आपली झाली. त्यामुळे ‘ही गाडी अमक्यांची’ हे वाक्य विक्रीनंतरही गावात चालत राहायचं. गाडीबरोबर थोडा मानही विकत मिळायचा. आणि जुन्या मालकाचं नाव कागदावर राहिलं, तर त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचा तो काळ. मग हातोहात व्यवहार वाढणारच. पुढे काळी-पिवळी आली. परमिट एकाचं, गाडी दुसऱ्याची, चालवणारा तिसरा, आणि मागच्या फळीवर लोंबकळणारे आपण. सगळं तोंडी, सगळं ओळखीवर.

१९९४ ला टाटा सुमो आली, २००० ला क्वालिस, २००२ ला स्कॉर्पिओ, आणि २००९ ला फॉर्च्युनर. पुढाऱ्याची गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर येणारं चित्र या पंधरा वर्षांत बदललं. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं होतं, की या गाड्यांना सात टक्क्यांनी कर्ज मिळालं आणि त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याच्या दुप्पट व्याज होतं. ही तुलना आजही बोचते. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या गाड्यांची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरली. पहिल्या मालकाकडे अशी गाडी सहसा इतकी वर्षं राहत नाही. पुण्यामुंबईच्या बंगल्यातून निघालेली आलिशान गाडी तिसऱ्या-चौथ्या हाताला तालुक्याच्या गावी पोचते. दिल्लीतून तर लोंढाच आला, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी झाली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. नवी घ्यायची तर चाळीस लाखांच्या आसपास हिशेब जातो. जुनी दहा-बारा लाखांत दारात उभी राहते. सोयाबीनचे दोन हंगाम बरे गेले, किंवा रस्त्यात जमीन गेली आणि मावेजा आला, की माणूस गाडी बघायला निघतो. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. ज्या रस्त्यावर आजोबा धूळ खात चालले, तिथून उंच गाडीतून जावंसं वाटणं यात चूक काय?

चूक पुढे होते. हाच माणूस जमीन घेताना कसा वागतो बघा. सातबारा काढतो, फेरफार बघतो, चतुःसीमा तपासतो. मराठवाड्यात तर लोक १९५४ सालचं खासरा पाहणी पत्रक शोधत तहसीलच्या रेकॉर्ड रूमपर्यंत जातात. बोजा आहे का, कुळ आहे का, बहिणींचे हक्कसोड झालेत का, सगळं विचारतो. आणि गाडी? स्टॅम्प पेपरवर दोन ओळी, टीटीओ फॉर्मवर कोऱ्या सह्या, आणि चावी. ‘नावावर करू की निवांत.’ ते निवांत कधी येतच नाही. कारण साधं आहे. पुढे विकायचीच आहे, मग मधला खर्च कशाला? परराज्यातली असेल तर एनओसी आणा, इथला कर भरा, एमएच २५ चा नंबर घ्या. एवढ्यात गाडी आणखी एका हातात जाते.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परराज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याची मुदत ४५ दिवस आहे. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण निकाली निघालं. गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती. अपघात झाला, जीव गेला. नोंदीवरचा मूळ मालक म्हणाला, मी तर ती कधीच विकली. न्यायालयाने सांगितलं, की नोंद तुमच्या नावावर आहे, म्हणून भरपाईची जबाबदारीही तुमची. अपघातातल्या माणसाने खऱ्या मालकाच्या शोधात या दारातून त्या दारात फिरत बसायचं नाही. यात न्याय आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे.

आता विचार करा. नाव बदलणं हे घेणाऱ्याचं काम, असं आपण धरून चालतो. पण टांगती तलवार विकणाऱ्याच्या डोक्यावर असते. पैसे घेऊन, पेढे वाटून घरी बसलेला माणूस, आणि पाच वर्षांनी दारात समन्स. ज्या घराने फेरफारासाठी तलाठ्याकडे दहा चकरा मारल्या, त्याच घराची जमीन गाडीच्या एका सहीपायी भरपाईच्या दाव्यात अडकू शकते. घेणाराही मोकळा नाही. विमा त्याच्या नावावर नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आणि पहिल्या मालकाचं कर्ज फिटलेलं नसेल, तर गाडी फायनान्सवाले उचलून नेतात. गावकऱ्यांसमोर ती उचलली जाताना जो मान जातो, तो कुठल्याच गाडीने परत येत नाही.

म्हणून आम्ही एवढंच म्हणतो, की गाडीकडे जमिनीसारखं बघा. आरसी हा तिचा सातबारा. त्यावर बँकेचं नाव असेल तर तो बोजा. बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. सर्व्हिसचा जुना हिशेब मागा. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, शोरूमची नोंद सहसा फिरत नाही. चासी नंबर स्वतः वाकून वाचा. दलाल अधिकृत आहे का ते विचारा. २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकृतता घेण्याचा नियम आहे. आणि विकत असाल तर कोऱ्या सह्या देऊ नका. गाडी गेली त्याच आठवड्यात २९ नंबरचा फॉर्म भरून त्याची पोच घरात ठेवा, जिथे जमिनीचे कागद ठेवता तिथेच.

परंड्याची तोफ एवढी वर्षं झाली, पण तिचा मालक कोण-कोण होता ते आजही तिच्यावर वाचता येतं. आपल्या दारातल्या गाडीचं तसं सांगता येईल का, ते आज घरी गेल्यावर जरा आरसी काढून बघा. कोणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा, आम्ही इथे बसलेलो आहोत.